कॅनडाचं हिप-हॉप ऐकायचं तर आधी क्रेडिट्स उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोरंटोचा जगप्रसिद्ध रॅपर ड्रेक सोडला तर कॅनडाच्या हिप-हॉपमध्ये नवीन आल्बम कोणते येतात, ते आपल्याला कळणार कसे, आणि त्यात कॅनडाचं म्हणून काही असतं का, की सगळी अमेरिकेचीच नक्कल?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचं सोपं होतं. नक्कल नाही. पण वेगळेपण फक्त रॅपरच्या नावात शोधत बसलात तर ते हाती लागणार नाही. गाण्याचे क्रेडिट्स उघडा. बीट (रॅपमागचं संगीत) कुणाचा, मिक्स (सगळे ट्रॅक जुळवायचं काम) कुणाचा, ही माणसं कुठली, हे बघा. मी टोरंटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनमध्ये मिक्सिंगचं काम करतो. माझ्याकडे गाणं येतं ते सुट्या ट्रॅकच्या रूपात, प्रत्येक फाइलवर कुणाचं ना कुणाचं नाव असतं, त्यामुळे रॅपरचा आवाज ऐकायच्या आधी मला ती नावं दिसतात. इतकी वर्षं ती बघून माझं ठाम मत झालंय की कॅनडाचं हिप-हॉप आधी प्रोड्यूसरांचं, म्हणजे बीट बनवणाऱ्यांचं आहे, मग रॅपरांचं.

नावंच घ्या. बॉय-वन-डा, म्हणजे मॅथ्यू सॅम्युअल्स. जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा, वाढला टोरंटोच्या पूर्वेकडच्या एजॅक्समध्ये. एमिनेमचं ‘नॉट अफ्रेड’ (२०१०), केंड्रिक लमारचं ‘द ब्लॅकर द बेरी’ (२०१५), रिहानाचं ‘वर्क’ (२०१६), या तिन्ही गाण्यांच्या बीटमागे तो आहे. त्याच एजॅक्सचा टी-मायनस. केंड्रिकचं ‘स्विमिंग पूल्स’ (२०१२) त्याने केलं. आमच्या ब्रॅम्प्टनची वंडागर्ल, म्हणजे एबनी ओशुनरिंडे, २०१२ साली टोरंटोतली ‘बॅटल ऑफ द बीटमेकर्स’ ही स्पर्धा जिंकली तेव्हा १५ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जे-झीच्या आल्बममधल्या ‘क्राउन’ या गाण्यावर तिचं नाव लागलं. २०२१ मध्ये जूनो या कॅनडाच्या संगीत पुरस्कारांमधला प्रोड्यूसर ऑफ द इयर हा मान तिला मिळाला; तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मर्डा बीट्झ आला अमेरिकेच्या सीमेवरच्या फोर्ट ईरीतून, आणि त्याने ड्रेकचं ‘नाइस फॉर व्हॉट’ केलं. गाणं सुरू होताच त्याच्या नावाचा पुकारा बऱ्याचदा कानावर पडतोच.

२०२४ मध्ये ड्रेक आणि अमेरिकेचा केंड्रिक यांचं गाण्यांतून भांडण पेटलं आणि केंड्रिकचं ड्रेकविरुद्धचं ‘नॉट लाइक अस’ घराघरात वाजायला लागलं, तेव्हा ‘टोरंटोचा जमाना संपला’ असं पुष्कळांनी लिहिलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. केंड्रिकच्या कारकिर्दीतली दोन महत्त्वाची गाणी एजॅक्सच्या मुलांच्या हातून आलेली आहेत. एका रॅपरची हार झाली म्हणून एका प्रदेशाचा कान हरत नाही.

हे असं प्रोड्यूसरांचं राज्य झालं कसं, त्याचं कारण रेडिओत आहे. १९८९ मध्ये माएस्ट्रो फ्रेश-वेस याचा ‘सिंफनी इन इफेक्ट’ आला. त्यातलं ‘लेट युअर बॅकबोन स्लाइड’ कॅनडाच्या टॉप ४० मध्ये शिरलं आणि आल्बम तिथे प्लॅटिनम ठरला. १९९१ मध्ये जूनोने रॅपसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, तोही त्यालाच मिळाला. पण त्याला करार देणारं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, न्यूयॉर्कचं होतं. मिशी मी या टोरंटोच्या रॅपरलाही अमेरिकेच्याच लेबलने घेतलं. घरच्या घरी हिप-हॉप ऐकायचं तर कॉलेज रेडिओ हाच आधार होता. रायर्सन विद्यापीठाच्या सीकेएलएन स्टेशनवर रॉन नेल्सनचा कार्यक्रम १९८३ पासून सुरू होता, आणि त्या पिढीतली माणसं आजही त्याचं नाव आदराने घेतात.

व्यावसायिक स्टेशनसाठी मात्र झगडावं लागलं. डेनहॅम जॉली हे जमैकात जन्मलेले टोरंटोचे उद्योजक. कृष्णवर्णीयांच्या संगीताला वाहिलेलं स्टेशन काढायचं म्हणून त्यांच्या कंपनीने प्रसारण नियामकाकडे, म्हणजे सीआरटीसीकडे, अर्ज केला. १९९० मध्ये ती जागा कंट्री संगीताच्या स्टेशनला मिळाली. पुन्हा प्रयत्न केला, तर १९९७ मध्ये फ्रिक्वेन्सी सीबीसी या सरकारी प्रसारण संस्थेकडे गेली. परवाना हाती आला २००० मध्ये आणि फ्लो ९३.५ सुरू झालं २००१ मध्ये. म्हणजे अमेरिकेत हिप-हॉपने जे दशक गाजवलं, त्या सगळ्या दशकात कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या शहरात ते दिवसभर वाजवणारं एकही व्यावसायिक स्टेशन नव्हतं. कॅनडात १९७१ पासून रेडिओवर ३० टक्के देशी गाणी वाजवायचा नियम आहे, १९९९ पासून तो ३५ टक्के झाला. पण ज्या प्रकारचं स्टेशनच नाही, त्याला राखीव वेळेचा उपयोग काय? रॅपरला श्रोता समोर लागतो, आपल्या गल्लीत आपलं गाणं वाजायला लागतं. बीटला ते लागत नाही. बीट घरच्या कॉम्प्युटरवर बनतो आणि सीमेपलीकडे पाठवता येतो. हुशार मुलं बीटकडे वळली याचं मला तरी यापेक्षा पटण्यासारखं कारण दिसत नाही.

त्याच काळातली एक घटना सांगायलाच हवी. १९९८ मध्ये व्हँकुव्हरच्या रॅस्कल्झ या गटाला ‘कॅश क्रॉप’ आल्बमसाठी जूनो मिळाला आणि त्यांनी तो नाकारला. कारण रॅपचा पुरस्कार टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सोहळ्यात देतच नव्हते, तो आधी उरकून टाकत. पुढच्या वर्षी त्याच गटाने टोरंटोच्या कार्डिनल ऑफिशल, चॉकलेअर, थ्रस्ट आणि व्हँकुव्हरच्याच चेकमेट यांना घेऊन केलेलं ‘नॉर्दर्न टच’ जूनोच्या मंचावर थेट वाजलं. पाच नावं, दोन शहरं, एक बीट. आजही कॅनडातल्या कुठल्याही हिप-हॉप कार्यक्रमात डीजेने हे लावलं की लोक शब्दन् शब्द म्हणतात. माएस्ट्रोला कॅनडाच्या म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला मात्र २०२४ उजाडलं. तिथे पोहोचलेला तो पहिला हिप-हॉप कलाकार. हा उशीर मला अजूनही खटकतो.

आता आवाजाकडे येऊ, कारण टोरंटोचं म्हणून जे ओळखलं जातं ते मुळात मिक्सिंगच्या टेबलावर घडलं. नोआ शेबिब, ज्याला सगळे ‘फोर्टी’ म्हणतात, त्याने ड्रेकच्या २००९ च्या ‘सो फार गॉन’पासून एक रीत बसवली आणि २०११ च्या ‘टेक केअर’मध्ये ती पूर्ण पिकली. त्या वेळचे रॅपचे मिक्स चकचकीत असायचे. हाय-हॅट (ड्रममधली झांज) कुरकुरीत, स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) कानाखाली वाजल्यासारखा, कीबोर्डही तेवढाच उजळ. फोर्टीने ड्रम आणि कीबोर्डचा वरचा, म्हणजे तीक्ष्ण सुरांचा, सगळा भाग फिल्टरने कापून टाकला. खाली खोल किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बास, मध्ये धुरकट सूर, आणि वरच्या मोकळ्या जागेत एकटा माणसाचा आवाज. वर दुसरं काहीच नसल्यामुळे तो आवाज अगदी कानाशी येतो, ओठ हलल्याचंसुद्धा ऐकू येतं.

‘मार्व्हिन्स रूम’ लावून बघा. फोनवरचं बोलणं, मागे गढूळ सिंथ, ठेका जेमतेम. पहिल्यांदा शब्द सोडून द्या आणि फक्त ड्रमकडे लक्ष द्या: किक वाजते पण तिची टोकदार ‘टक’ जवळजवळ नाहीच, भिंतीपलीकडून आल्यासारखी ती येते. दुसऱ्यांदा ऐकताना आवाजाच्या मागची जागा ऐका. तिथे किती थोडं आहे, हे लक्षात आलं की पुढची पंधरा वर्षं या शहरातून आलेलं निम्मं संगीत तुम्हाला ओळखता येईल. मात्र हे फोनच्या स्पीकरवर करू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खालचा बास बाहेरच पडत नाही, आणि वरचा भाग तर मुद्दाम कापलेला, मग उरतं काय? कान झाकणारे साधे हेडफोन घ्या आणि आवाज कमी ठेवा.

माझ्याकडे येणारे नवे रॅपर ‘पाण्याखालून आल्यासारखा’ आवाज मागतात, तेव्हा त्यांनी आधीच सगळ्यावर फिल्टर चढवलेला असतो. तसं केलं की गाणं नुसतं मळकट होतं. फोर्टीची खुबी फिल्टरमध्ये कमी आणि मांडणीत जास्त आहे: त्याने वाद्यंच थोडी ठेवली. चार कीबोर्ड, तीन गिटार, वर पाच आवाज असतील तर कितीही कापा, जागा होणार नाही. फोनवर बास पोचवायचा असेल तर आम्ही त्यावर थोडं सॅच्युरेशन घालतो, म्हणजे मूळ स्वराच्या वरचे स्वर तयार होतात आणि कान खालचा बास आहे असं धरून चालतो. नव्या आल्बमांमध्ये हे इतकं झालंय की काही गाणी फोनवर भारी वाटतात आणि मोठ्या स्पीकरवर भसाभसा.

आवाजाची दुसरी खूण उच्चारांत आणि लयीत आहे. टोरंटोतली जवळपास निम्मी माणसं कॅनडाबाहेर जन्मलेली आहेत. जमैका, त्रिनिदाद, सोमालिया इथून आलेल्या वस्त्यांचं बोलणं शहराच्या रॅपमध्ये मुरलंय, आणि डान्सहॉलचा, म्हणजे जमैकाच्या नाचाच्या संगीताचा, ठेका तर रक्तातच आहे. कार्डिनल ऑफिशलचा २००१ चा ‘क्वेस्ट फॉर फायर’ ऐकलात तर ड्रेकने पुढे ‘व्ह्यूज’ (२०१६) मध्ये जे कॅरिबियन वळण घेतलं, त्याची मुळं कुठे आहेत ते दिसेल. कार्डिनलला त्याच्या वाट्याचं श्रेय जगाने दिलं नाही, असं मला वाटतं. एकॉनबरोबरचं ‘डेंजरस’ २००८ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५ व्या क्रमांकापर्यंत गेलं, एवढंच बाहेरच्यांना माहीत असतं.

आता नव्या आल्बमांबद्दल. ड्रेक सोडून विचारलंत तरी एक वाक्य त्याच्यावर खर्च करतो: १४ फेब्रुवारी २०२५ ला त्याने मिसिसागाच्या पार्टीनेक्स्टडोअरबरोबर ‘सम सेक्सी साँग्ज फोर यू’ काढला. तो ऐकायचा तर आवाजाच्या बांधणीसाठी ऐका, लांबीचं दडपण घेऊ नका. मोठ्या नावांचे आल्बम लांबलचक का असतात, यामागे हिशेब आहे. बिलबोर्डच्या २०१८ च्या नियमात पैसे भरणाऱ्या श्रोत्यांचे १,२५० स्ट्रीम किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक आल्बम विकला असं धरायला सुरुवात झाली. गाणी जितकी जास्त, तितके स्ट्रीम जास्त. त्याच वर्षी आलेल्या ‘स्कॉर्पियन’मध्ये २५ गाणी होती, जवळपास दीड तास. यातली पंधरा गाणी कमी केली असती तर तो कितीतरी मोठा आल्बम झाला असता.

याच्या उलट टोकाला जा. एडमंटनचा केडन्स वेपन, म्हणजे रोली पेंबर्टन. त्याचे वडील टेडी पेंबर्टन एडमंटनच्या विद्यापीठाच्या रेडिओवर हिप-हॉप वाजवायचे, म्हणजे तो या संगीतातच वाढला. पुढे २००९ ते २०११ तो शहराचा अधिकृत कवीही होता. त्याचा ‘पॅरलल वर्ल्ड’ अर्ध्या तासाच्या आत संपतो. वाढती घरभाडी, कॅमेऱ्यांची पाळत, वर्णद्वेष, सगळं त्यात आहे आणि एक ओळ फुकट गेलेली नाही. त्याला २०२१ चा पोलॅरिस पुरस्कार मिळाला. २०२४ चा त्याचा ‘रोलरकोस्टर’ इंटरनेटवर जगण्याच्या थकव्याबद्दल आहे, तोही ऐका.

पोलॅरिस म्हणजे काय ते इथे सांगतो, कारण नवीन आल्बम शोधायचं माझ्या मते ते सगळ्यात चांगलं साधन आहे. २००६ पासून दरवर्षी संगीतावर लिहिणाऱ्या आणि रेडिओवर काम करणाऱ्या लोकांची समिती खप आणि प्रकार बाजूला ठेवून वर्षातला सर्वोत्तम कॅनेडियन आल्बम निवडते. आधी ४० आल्बमांची लांब यादी, मग १० ची छोटी. लोक विजेता बघतात; तुम्ही ४० ची यादी बघा. २०१९, २०२० आणि २०२१ अशी सलग तीन वर्षं हा पुरस्कार रॅपला गेला. २०१९ मध्ये ब्रॅम्प्टनच्या हेविया मायटीचा ‘थर्टीन्थ फ्लोअर’, पुरस्कार मिळवणारा पहिला हिप-हॉप आल्बम. ती गाते, रॅप करते आणि दोन्हींच्या मधल्या जागेत एवढ्या सहज जाते की कडवं कधी संपलं आणि हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) कधी सुरू झाला ते कळत नाही. तिचा २०२३ चा ‘क्राइंग क्रिस्टल्स’ जास्त मऊ, जास्त खासगी आहे. २०२० मध्ये बॅक्सवॉश. झांबियातल्या लुसाकात जन्मलेली, माँट्रियलमध्ये राहणारी ही ट्रान्स स्त्री स्वतःच प्रोड्यूसरही आहे. हेवी मेटलच्या सॅम्पलवर, म्हणजे रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांवर, ती देव, घर आणि शरीर यांच्याशी भांडते. पुरस्कार मिळालेल्या आल्बमपासून तिने तीन आल्बमांची मालिका पुरी केली, आणि २०२५ मध्ये ‘ओन्ली डस्ट रिमेन्स’ काढला. त्यात पहिल्यांदा उजेड शिरलाय. ज्यांना आधीचं तिचं काम सोसवलं नाही त्यांनी इथून सुरुवात करावी.

शॅडचंही नाव घेतो. केनियात जन्मलेला, आई-वडील रवांडाचे, ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरात वाढलेला. २०११ मध्ये त्याच्या ‘टीएसओएल’ने ड्रेकच्या ‘थँक मी लेटर’ला मागे टाकून जूनो जिंकला. शब्दांवर त्याच्याइतकी मेहनत घेणारा रॅपर मला या देशात दुसरा माहीत नाही. २०२१ चा ‘टीएओ’ शांतपणे, दोनदा ऐकण्यासारखा आहे.

माँट्रियलचं जग वेगळं आहे, आणि फ्रेंच येत नसेल तरी ते सोडू नका. १९९९ मध्ये सां-मिशेल भागातल्या म्यूझियाँ या गटाने फ्रेंच आणि हैतीची क्रिओल मिसळून आल्बम केला, तेव्हापासून इथल्या रॅपमध्ये दोन-तीन भाषा एका श्वासात येतात. नेमकी तीच गोष्ट सरकारी नियमांना झेपत नाही. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकच्या फ्रेंच स्टेशनांना आठवड्यातली ६५ टक्के गाणी फ्रेंच वाजवावी लागतात. आणि डेड ओबीज या गटाला २०१६ च्या आल्बमसाठी मिळायचं १८,००० डॉलरचं अनुदान गेलं, कारण अनुदान देणाऱ्या संस्थेची ७० टक्के फ्रेंचची अट त्यांच्या गाण्यांत पुरी होत नव्हती. शब्द मोजून कलेचा न्याय करायचा हा प्रकार मला चुकीचा वाटतो. त्या गटाचं वैशिष्ट्यच त्या मिसळीत होतं. तरीही ही धारा वाढत गेली. २०१९ मध्ये लाउड या रॅपरने माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये, जिथे हॉकीचे सामने होतात, स्वतःच्या नावावर कार्यक्रम केला; फ्रेंचमध्ये रॅप करणाऱ्या क्वेबेकच्या कलाकाराने तिथे केलेला तो पहिलाच. या शहरातला माझा सगळ्यात आवडता कान मात्र कायट्रानाडाचा. हैतीत जन्मलेला हा प्रोड्यूसर. २०१६ चा पोलॅरिस त्याच्या ‘९९.९%’ला मिळाला आणि २०२४ मध्ये त्याचा ‘टाइमलेस’ आला. त्याच्या ड्रमवरचा कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून ठेवणारं साधन) इतका घट्ट असतो की किक पडली की बाकी सगळं गाणं क्षणभर मागे हटतं आणि मग झोकात परत येतं. हेच त्याचं नाचवणारं रहस्य आहे.

पश्चिमेकडे स्नॉटी नोझ रेझ किड्स आहेत. ब्रिटिश कोलंबियातल्या किटामाट गावचे, हैसला या मूळनिवासी समाजाचे दोघे रॅपर. ‘द ॲव्हरेज सॅव्हेज’ (२०१७) आणि ‘ट्रॅपलाइन’ (२०१९) हे त्यांचे दोन्ही आल्बम पोलॅरिसच्या छोट्या यादीत होते. जमीन, तेलाच्या पाइपलाइन, आजीची शिकवण, पार्टी, सगळं एकाच आल्बममध्ये, आणि बीट अगदी आजचे. २०२४ च्या ‘रेड फ्यूचर’मध्ये ते भूतकाळाच्या जखमांवरून पुढे बघतात. प्रेरणादायी वगैरे विशेषणं लावून त्यांना बाजूला ठेवू नका, ते आधी उत्तम रॅपर आहेत.

आणि आता पंजाबी. मराठी वाचकांपैकी पुष्कळांनी कॅनडाचं हिप-हॉप आधीच ऐकलंय, फक्त ते कॅनडाचं म्हणून ऐकलेलं नाही. सिद्धू मूसेवाला ब्रॅम्प्टनला शिकायला आला आणि इथेच त्याचं संगीत सुरू झालं. २०२१ च्या ‘मूसटेप’मध्ये त्याने ब्रिटनमधल्या लंडनच्या रॅपरांबरोबर आपल्या मुंबईच्या डिव्हाइनलाही घेतलं, ते गाणं ‘मूसड्रिला’. २९ मे २०२२ ला पंजाबात त्याची हत्या झाली. ब्रॅम्प्टनमध्ये आजही एखादी गाडी शेजारून जाते आणि त्याचा आवाज येतो. करण औजला हा ब्रिटिश कोलंबियातून वर आला. टोरंटोच्या इक्की या प्रोड्यूसरबरोबरचा ‘मेकिंग मेमरीज’ (२०२३) हा माझ्या मते पंजाबी हिप-हॉपमधला सगळ्यात नीट बांधलेला आल्बम. डिव्हाइनबरोबर त्याने २०२४ मध्ये ‘स्ट्रीट ड्रीम्स’ केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘पी-पॉप कल्चर’ आला. एपी ढिल्लनचा ‘द ब्राउनप्रिंट’ २०२४ चा. तो २०२३ मध्ये जूनोच्या मंचावर पंजाबीत गायला. २०२४ मध्ये औजलाला जूनोचा श्रोत्यांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार मिळाला.

यात इक्कीकडे लक्ष ठेवा असं मी सांगेन. वॉर्नर म्युझिकच्या कॅनडा आणि भारत शाखांनी २०२३ मध्ये ९१ नॉर्थ हे लेबल सुरू केलं, त्यात तो पहिल्यापासून आहे. त्याचे बीट ऐकताना तुंबी किंवा ढोल कुठे ठेवलाय ते बघा: पूर्वी हे सूर नुसती ओळख पटवायला वरून चिकटवलेले असत, इक्कीकडे ते बासच्या खाचेत बसतात, म्हणून काढले तर गाणंच कोसळेल. इंग्रजीत रॅप करणारा नाव्ह हाही पंजाबी वंशाचा, टोरंटोच्या रेक्सडेलचा. सुरुवात त्याचीही प्रोड्यूसर म्हणूनच झाली, ड्रेकच्या २०१५ च्या ‘बॅक टू बॅक’वर त्याचं नाव आहे. ‘बॅड हॅबिट्स’ २०१९ मध्ये बिलबोर्ड २०० या आल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला, आणि २०२५ मध्ये ‘ओएमडब्ल्यू टू रेक्सडेल’. शब्दांत तो फार खोल जात नाही. सुरांचा मूड मात्र अचूक पकडतो.

शोधायची पद्धत सांगतो. २०१५ च्या जुलैपासून जगभर आल्बम शुक्रवारी येतात. बहुतेक आल्बम ज्या त्या देशात मध्यरात्री उघडतात, पण मोठी नावं कित्येकदा टोरंटोच्या मध्यरात्रीवर जातात, म्हणजे महाराष्ट्रात उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. शुक्रवारी रॅपरांच्या याद्या चाळण्यापेक्षा दोन-चार प्रोड्यूसर पक्के करा: बॉय-वन-डा, वंडागर्ल, इक्की, कायट्रानाडा. ॲपमध्ये गाण्याशेजारचे तीन ठिपके दाबले की क्रेडिट्स दिसतात. तिथे अनोळखी नाव दिसलं की त्याने आणखी काय केलंय ते शोधा. फ्रँक ड्यूक्सचं नाव लागलं तर थांबा, कारण तो फक्त बीट करत नाही, इतरांनी सॅम्पल म्हणून वापरावेत असे तुकडे स्वतः वाजवून त्यांचा संग्रहच त्याने बनवला. त्यामुळे जुन्या रेकॉर्डवरून उचलल्यासारखा वाटणारा सूर कित्येकदा टोरंटोत नव्याने वाजवलेला असतो. आल्बमच्या माहितीत फॅक्टर या संस्थेचा उल्लेख दिसला तर रेकॉर्डिंगला त्यांचं अनुदान मिळालंय असं समजा. केंद्र सरकार आणि खासगी रेडिओ कंपन्यांच्या पैशातून ते चालतं. छोट्या शहरांतले चांगले आल्बम मला बऱ्याचदा त्याच वाटेने सापडलेत.

हेडफोन कानाला लावून पहिल्या दिवशी ‘टेक केअर’ आणि लगेच ‘पॅरलल वर्ल्ड’ ऐका, एक लांब आणि एक आटोपशीर. मग हेविया मायटी, मग ‘मेकिंग मेमरीज’. माँट्रियलकडे जाताना आधी कायट्रानाडा, कारण तिथे भाषेची अडचण नाही, आणि नंतर डेड ओबीज. बॅक्सवॉश रात्री उशिरा ऐकू नका, सकाळी ऐका. ‘रेड फ्यूचर’ गाडीत चालेल, आवाज थोडा वाढवून.